किंग्ज चॅपलच्या काचा कोणी पुरल्या नव्हत्या
केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलबद्दल एक गोष्ट हमखास ऐकवतात: १७व्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत, राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैनिकांच्या धास्तीने तिथल्या रंगीत काचा रातोरात उतरवून पुरल्या. गोष्ट झकास, पण खोटी. सैनिक आत कवायत करत होते तेव्हा काचा जागेवरच होत्या. १६४३ मध्ये मूर्तिभंजक डाउसिंगने हजारभर चित्रं उतरवायची, अशी नोंदही केली. तरी काचा वाचल्या.

काचा खरोखर उतरल्या त्या दुसऱ्या महायुद्धात. १६व्या शतकातल्या काचा भागाभागाने काढून तळघरांत ठेवल्या, खिडक्यांना डांबरी कागद लावला. पश्चिमेची खिडकी तेवढी तशीच राहिली. ती व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणजे ‘नवी’ ना! आणि जॉन वॅस्टेलने १५१५ मध्ये पुरं केलेलं पंख्यांच्या नक्षीचं दगडी छत? ते कुठे हलवणार!