हवा भरली, तरी दिवा विझेना

डिसेंबर लागला की परभणी-जालन्याकडच्या टायरच्या दुकानांत एक तक्रार नेमाने येते. डॅशबोर्डवर घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह असलेला, टायरची हवा कमी झाल्याचं सांगणारा पिवळा दिवा लागला आहे. काल पंपावर हवा भरली, तरी आज सकाळी तो पुन्हा हजर. मग ‘सेन्सर गेला असेल’ असं ठरवून गाडीमालक त्या दिव्याकडे बघणंच सोडून देतो. घात इथेच होतो. यातल्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर धडधाकट असतो आणि हवा खरोखरच कमी असते.

आधी दिवा कसा लागतो ते नीट बघा. गाडी चालू करताना सगळेच दिवे क्षणभर लागून विझतात, ते सोडून द्या. त्यानंतरही हा दिवा स्थिर लागून राहिला, तर एखाद्या किंवा जास्त टायरांत हवा कमी आहे. तो आधी साठ ते नव्वद सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवेवर नजर ठेवणारी यंत्रणाच (टीपीएमएस) बिघडली आहे. पहिल्या दुखण्याला पंप लागतो, दुसऱ्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातला दोष वाचणारं यंत्र. हे न बघता दुकानात गेलं की नको त्या गोष्टीवर पैसे जातात.

आता स्थिर दिव्याचं बघू. बंद जागेतली हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, हा शाळेतला नियम. टायरमध्ये तो किती उतरतो? समजा तुमच्या गाडीला ३३ पीएसआय (पंपावर हवेचा दाब याच मापात सांगतात) हवा लागते. मे महिन्यात टायर ४० अंशांवर असताना बरोबर ३३ भरली, तर परभणीच्या थंडीत पहाटे १० अंशांवर तोच टायर साडेअठ्ठावीसच्या आसपास दाखवेल. एक कणही बाहेर गेलेला नसताना साडेचार पीएसआय कमी! ढोबळमानाने दर दहा अंशांना दीड पीएसआय धरा. शिवाय रबरातून हवा सतत झिरपत असते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय जातो. ठरलेल्या दाबापेक्षा २० ते २५ टक्के कमी झालं की दिवा लागतो, म्हणजे ३३ च्या गाडीत साधारण २५-२६ वर. दिवाळीत दुपारच्या उन्हात भरलेली हवा डिसेंबरअखेर पहाटे या रेषेजवळ येऊन टेकते. सकाळी दिवा लागतो आणि दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर विझतो, असं होत असेल तर तो वायरिंगचा खेळ नाही. हवा काठावर आहे, आणि चालून टायर तापला की ती तेवढ्यापुरती काठाच्या वर येते.

आता काल पंपावर भरलेल्या हवेचं काय होतं ते पाहा, कारण ‘हवा भरूनही दिवा जात नाही’ याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. संभाजीनगरहून लातूरला निघालात, दोन-अडीच तास पळवून पंपावर थांबलात आणि तिथे ३३ भरली. त्या वेळी टायरमधली हवा ६० अंशांवर असू शकते. तीच दुसऱ्या दिवशी पहाटे १० अंशांवर आली की काटा २६ वर येतो. पंपवाल्याचं माप बरोबर, तुम्ही सांगितलेला आकडाही बरोबर. चुकली ती वेळ. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी, तेव्हाच मोजायचं. प्रवासात दिवा लागला आणि टायर तापलेले असतील, तर ठरलेल्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजून नेमकी करा. तापलेला टायर ३७-३८ दाखवतो म्हणून हवा सोडणं ही तर हमखास चूक.

आकडा कुठे मिळतो? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जे स्टिकर दिसतं, त्यावर. काही गाड्यांत ते पेट्रोल टाकीच्या झाकणामागे असतं. पुढच्या-मागच्या चाकांचे आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. टायरच्या बाजूवर कोरलेला ४४ किंवा ५१ हा त्या टायरच्या कमाल दाबाचा आकडा आहे, भरायचा नव्हे. गाडीच्या पडद्यावर बार किंवा किलोपास्कल दिसत असेल, तर ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार किंवा २३० किलोपास्कल. स्वतःचा एक साधा गेज गाडीत ठेवा. दोन पंपांच्या मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास निघतो, आणि एकाच गेजने रोज मोजलं तर निदान चढउतार तरी खरा कळतो.

हवा भरल्यावर दिवा लगेच विझत नाही, यामागे यंत्रणेची रचना आहे. ती दोन प्रकारची असते. पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल, तर गाडीत थेट मोजणारी यंत्रणा आहे. चाकाच्या आत व्हॉल्व्हच्या बुडाशी तीसेक ग्रॅमचा सेन्सर बसवलेला असतो. त्यातला सिलिकॉनचा पातळ पडदा दाबाने वाकतो, ते वाकणं विजेच्या संकेतात उतरतं आणि रेडिओलहरींनी गाडीच्या संगणकाकडे जातं. बॅटरी वाचवण्यासाठी गाडी उभी असताना सेन्सर झोपलेला असतो. चाक फिरू लागलं की जागा होतो. म्हणून हवा भरल्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवल्याशिवाय निकाल लावू नका.

आकडे दिसत नसतील, नुसता दिवा आणि मेन्यूत किंवा बटणावर ‘सेट’ असेल, तर ती अप्रत्यक्ष यंत्रणा. तिला हवेचा दाब कळतच नाही. ती एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या) सेन्सरकडून चाकांच्या फेऱ्या मोजते. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याचा परीघ घटतो आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फिरावं लागतं. साठ सेंटीमीटर व्यासाचं चाक एका किलोमीटरला ५३० फेऱ्या मारतं. परीघ अर्ध्या टक्क्याने घटला तर फेऱ्या फक्त अडीच-तीनने वाढतात. पण एबीएसचा सेन्सर एका फेरीत चाळीस-पन्नास ठोके मोजतो, त्यामुळे किलोमीटरमागे शंभरावर ठोक्यांचा फरक पडतो आणि तो पकडता येतो.

पण या यंत्रणेला ‘योग्य हवा’ म्हणजे काय ते आपण शिकवावं लागतं. चारही टायर थंड असताना नेमकी हवा भरा, मग ‘सेट’ दाबा, मग गाडी चालवा. हवा भरूनही सेट केलं नाही तर दिवा जुन्याच हिशेबावर अडून राहू शकतो. उलट क्रम याहून वाईट. हवा न बघता दिवा घालवायला बटण दाबलं, की गाडी कमी हवेलाच योग्य मानू लागते. पुढे ती आणखी बरीच उतरेपर्यंत दिवा लागणार नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाताना चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेरीत दुमडते-उलगडते, रबर आतून तापत जातं, आतल्या तारांच्या पट्ट्यांची पकड सुटते आणि टायर फुटतो. मे महिन्याच्या दुपारी काँक्रीटचा रस्ता आधीच भाजत असतो. टायर फुटून गाड्या उलटल्याच्या घटनांनंतरच अमेरिकेने २००० साली यासाठी कायदा केला, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची झाली. बटण दाबून दिवा घालवून देणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नाही.

नीट भरलेली हवा आठवड्याभरात एकाच चाकात दोन-तीन पीएसआय जास्त उतरत असेल, तर ती बारीक गळती. रोज सकाळी चारही आकडे लिहून ठेवले की चोर सापडतो. शेताच्या वाटेने जाणाऱ्या गाड्यांत बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून मोडतो आणि बाहेरून दिसतही नाही. साबणाचं पाणी ब्रशने लावा: आधी नक्षीवर, मग व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि बुडाशी, शेवटी टायर डिस्कला (चाकाच्या धातूच्या भागाला) टेकतो त्या कडेवर, आतून-बाहेरून दोन्हीकडे. मिनिटभर थांबा, बारीक गळतीचे फुगे सावकाश येतात. तोंडावर फुगा आला तर आतली पिन बदलली की काम झालं. कडेवर आला तर टायर उतरवून डिस्कचा गंज किंवा अलॉयवरचा पांढरा खर घासून काढावा लागतो. खड्ड्यात आपटून डिस्क वाकली असेल, तर नुसत्या घासण्याने भागणार नाही. नक्षीतल्या छिद्राला बाहेरून स्ट्रिप (चिकट रबरी दोरी) घालून गावाला पोहोचता येतं. पक्कं काम आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ, लावूनच होतं. बाजूच्या भिंतीला छिद्र असेल तर दुरुस्ती करू नये, टायर बदलावा.

दिवा लुकलुकत असेल तर आधी आठवा, नुकतं काय बदललं? पंक्चरनंतर स्टेपनी लावली असेल आणि तिच्यात सेन्सर नसेल, तर लुकलुकणं साहजिक आहे; मूळ चाक परत बसलं की थांबेल. टायर बदलल्यापासून सुरू झालं असेल, तर टायर उतरवण्याच्या मशीनचा फाळ व्हॉल्व्हजवळ दाबल्याने सेन्सर तुटला असण्याची दाट शक्यता. म्हणून टायर उतरवण्याआधीच ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा’ असं सांगायला हवं. पंक्चरचं द्रव ओतलं असेल तर तेही सांगा, त्याने सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं.

काहीच बदललं नसेल आणि गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर बॅटरी संपली समजा. ती पाच ते दहा वर्षं टिकते आणि लुकणात बंद केलेली असल्याने वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच घ्यावा लागतो. पडद्यावर त्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी रेघा दिसतात. खात्रीसाठी टायरवाल्याकडचं ट्रिगर यंत्र व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सर जागा होऊन आपला क्रमांक, दाब आणि बॅटरीची अवस्था सांगतो. उत्तर आलं नाही तर तो गेला. एक गेला की बाकीचे फार मागे राहत नाहीत. म्हणून टायर बदलायचेच असतील तेव्हा चारही सेन्सर एकदम बदलले, तर उतरवण्या-बसवण्याची मजुरी पुन्हा पडत नाही. नवा घेताना लहरींचा आकडा तपासा. आपल्याकडच्या गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात. अमेरिकी बाजारातला ३१५ चा स्वस्तात मिळाला तरी गाडीला तो ऐकूच येणार नाही. नव्या सेन्सरचा क्रमांक गाडीला ओळखून द्यावा लागतो. काही गाड्या चालवता चालवता शिकतात, काहींना स्कॅनर जोडावा लागतो.

धातूचा व्हॉल्व्ह असलेल्या सेन्सरला साधी पितळी पिन लावू नका. ॲल्युमिनियम आणि पितळ ओल्यात एकत्र आले की गंजून चिकटतात आणि पुढे पिन काढताना व्हॉल्व्हच तुटतो. निकेलचा मुलामा असलेली पिन आणि प्लास्टिकची टोपी लागते. टायर बदलताना व्हॉल्व्हखालचं रबर आणि नटही नवं घाला.

आणि स्टेपनी. बहुतेक गाड्यांत तिची हवा कोणतीच यंत्रणा मोजत नाही, त्यामुळे तिच्यासाठी दिवा कधीच लागणार नाही. टीपीएमएस आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायला आपल्याकडे २०२० पासून परवानगी आहे, तेव्हा डिकीत नेमकं काय दिलंय ते आधी बघा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला साधारण ६० पीएसआय लागते. आकडा तिच्यावरच छापलेला असतो.