जादा बॅटरी पॅक जोडण्याआधी व्होल्टेज जुळवा

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी जुनी होते, रेंज कमी पडायला लागते, आणि मग वापरलेली मॉड्यूल (सेलचे तयार गठ्ठे) मिळवून घरच्या घरी एक जादा पॅक बांधावा असं अनेकांना वाटतं. त्यात चुकीचं काहीच नाही. आमचा तर व्यवसायच तो आहे, आणि निगुतीने बांधलेला घरचा पॅक आमच्या टेबलावर आला की मनापासून आनंद होतो. बसबार, फ्यूज, इन्सुलेशन यांची ओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो. पत्रक लिहिण्याचं कारण एकच आहे. व्होल्टेज न जुळवता दोन पॅक समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडले जातात आणि मग तेच काम दुरुस्तीला आमच्याकडे येतं.

"दोन्ही पॅक ८० टक्के आहेत, मग काय बिघडलं?" हे आम्ही सतत ऐकतो. टक्के हा हिशोब असतो, आणि तो ज्याचा त्याचा वेगळा. गाडी वर-खाली थोडी क्षमता राखून ठेवते आणि उरलेल्यातून टक्के काढते. तुम्ही बसवलेल्या बीएमएसची, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटची, मोजणी निराळी. दोन पॅक जोडताक्षणी किती करंट धावेल, हे मात्र फक्त व्होल्टेजमधल्या फरकावर आणि रोधावर ठरतं.

आकडे घालून पाहू. निसान लीफच्या २४ किलोवॉट-अवरच्या पॅकमध्ये १९२ सेल आहेत: दोन-दोन समांतर, असे ९६ गट सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक. गाडीच्या पॅकमध्ये दर गटाला ३.७५ व्होल्ट असतील, तर एकूण ३६० व्होल्ट झाले. तुमचा नवा पॅकही ९६ गटांचाच, पण नुकताच चार्ज केलेला, गटाला ४.०५ व्होल्ट, एकूण जवळपास ३८९. सेलमागे फरक फक्त ०.३ व्होल्टचा, पण पॅकमागे तो २९ व्होल्ट होतो. दोन्ही पॅक आणि केबल मिळून ०.१ ओहम रोध धरला, तर जोडताक्षणी २९० अँपिअर वाहू लागतात, तेही गाडी जागेवर उभी असताना. नशीब असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की पॅक जोडणारा मोठा स्विच, आतून चिकटतो.

चिकटलेला कॉन्टॅक्टर आम्ही ग्राहकांना मुद्दाम उघडून दाखवतो. आतल्या दोन्ही टोकांवर काळपट डाग असतो आणि मध्ये धातू वितळून थिजलेला थेंब. कॉइलला वीज नसतानाही मल्टिमीटर लावला की तो बीप करतो, म्हणजे आतली जोडणी सुटलेलीच नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: किल्ली काढली, गाडी बंद केली, तरी पॅकपासून निघणाऱ्या नारिंगी केबलमध्ये जवळपास ४०० व्होल्ट तसेच राहू शकतात. अपघातात एअरबॅग उघडली की गाडी आपले कॉन्टॅक्टर सोडते, पण चिकटलेला कॉन्टॅक्टर सुटत नाही. तुम्हाला बाहेर काढायला धावून आलेल्या माणसाला हे कळायला काहीच मार्ग नसतो. या एका कारणासाठी आम्ही या बाबतीत हटून बसतो.

"प्रीचार्ज रेझिस्टर लावलाय की!" हे दुसरं नेहमीचं उत्तर. तो रेझिस्टर इन्व्हर्टरमधला (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या यंत्रणेतला) कपॅसिटर सावकाश भरण्यापुरता असतो. कपॅसिटर एखाद्या सेकंदात भरतो आणि करंट आपोआप थांबतो. बॅटरी एका सेकंदात भरत नाही. रेझिस्टर तापतो, फरक जवळपास होता तेवढाच राहतो, आणि तशातच मुख्य कॉन्टॅक्टर जोडला जातो.

काही जण व्होल्टेज मोजतात, पण चुकीच्या वेळी. चार्जिंग थांबल्यावर ते हळूहळू खाली येतं, गाडी चालवून थांबल्यावर हळूहळू वर चढतं. त्या घाईत मीटरवर दोन्ही आकडे सारखे दिसले तरी सकाळी त्यांत फरक पडलेला असतो. पॅक दोन दिवस का ठेवून घेता, अशी तक्रार आमच्याकडे होते, त्याचं उत्तर हेच. आम्ही कमी व्होल्टेजचा पॅक मर्यादित करंटने वर आणतो, रात्रभर दोन्ही शांत ठेवतो, पुन्हा मोजतो. पूर्ण पॅकचा फरक १ व्होल्टच्या आत आला तरच जोडतो. शिवाय प्रत्येक गट वेगळा मोजतो, कारण बेरीज जुळली तरी मधला एखादा गट खाली असू शकतो आणि पुढे तोच सगळा पॅक अडवतो. हे काम रेटून लवकर होत नाही. लवकर करून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

एलएफपी आणि एनएमसी या वेगवेगळ्या रसायनांच्या लिथियम सेलचे पॅक समांतर जोडून द्या, असंही विचारलं जातं. आम्ही देत नाही. एलएफपीचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहतं, एनएमसीचं सतत उतरत जातं. एका जागी जुळवलं तरी चालताना ते जुळलेलं राहत नाही.

वजनाचा विचार मात्र जरूर करा. १० किलोवॉट-अवर म्हणजे पेटीसकट ७० ते ८० किलो सहज होतात, आणि ते बहुधा मागच्या चाकांवर येतात. गाडीची वॉरंटी आणि विमा यांवर होणारा परिणाम आधीच विचारून घ्या.

पॅक तुम्हीच बांधणार असाल तर खुशाल बांधा. शेवटची जोडणी तेवढी आमच्याकडे करून घ्या. व्होल्टेज जुळवणी, प्रत्येक पॅकला स्वतंत्र फ्यूज आणि कॉन्टॅक्टर, गाडी बंद होताच दोन्ही पॅक सुटतात की नाही याची तपासणी, आणि इन्सुलेशनची चाचणी, हे सगळं आम्ही तुमच्यासमोर करतो आणि मोजलेले आकडे लिहून देतो. आधीच जोडून पाहिलं असेल तर तसं सांगा, लपवू नका. त्या पॅकचे कॉन्टॅक्टर आम्ही उघडून पाहतो आणि त्या तपासणीचे पैसे वेगळे पडतात. येताना पॅक गाडीला न जोडता आणा, दोन्ही टोकांवर इन्सुलेटेड टोप्या लावा, आणि प्रत्येक गटाचं व्होल्टेज आदल्या रात्री मोजून कागदावर लिहून आणा.