पावडर पांढरीच, काम मात्र वेगळं

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मालीम, कुटबणच्या धक्क्यांवर ट्रॉलर रांगेने उभे राहतात, फायबरच्या होड्या माडांखाली ओढल्या जातात आणि डागडुजीचे दिवस सुरू होतात. पंचाईत अशी, की डागडुजीला लागणाऱ्या इपॉक्सीला, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्याला, जी हवा मानवत नाही, नेमकी तीच तेव्हा असते.

नुसतं इपॉक्सी उभ्या बाजूला लावलं तर ओघळतं, म्हणून त्यात पावडर घालून लांबी, म्हणजे पुट्टी, करतात. कामाच्या पावडरी मुख्यतः दोन, दोन्ही पांढऱ्या, आणि गोंधळ इथेच होतो. पहिली सिलिका. तिच्या अतिसूक्ष्म कणांवरचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना धरून रेझिनमध्ये जाळं विणतात. पत्र्याने ओढलं की जाळं तुटतं, लांबी पसरते. हात थांबला की जाळं पुन्हा जुळतं आणि लांबी जागच्या जागी राहते. सांधे जोडायला हीच हवी. पण ती वाळल्यावर कमालीची टणक होते. तिने खड्डा बुजवलात तर पॉलिशपेपर आजूबाजूचा मऊ भाग खातो आणि खड्ड्याच्या जागी टेंगूळ उरतं.

दुसरी मायक्रोबलून, म्हणजे काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे. वजनाला हलकी, घासायला सोपी, म्हणून सफाईला उत्तम. भार पेलणाऱ्या सांध्यात ती मुळीच नको. लांबी घट्ट श्रीखंडासारखी झाली पाहिजे. ओघळतेय असं वाटलं तर चिमूटभर सिलिका. घासल्यावर वरचे गोळे कापले जाऊन उघडे पडतात, म्हणून प्रायमरआधी नुसत्या इपॉक्सीचा एक हात द्यावाच, पाणरेषेखाली तर नक्कीच.

रेझिन आणि हार्डनर मापाने घेऊन, भांड्याच्या कडा खरवडत आधी पूर्ण एकजीव करायचे, पावडर नंतर. पॉलिएस्टर या दुसऱ्या रेझिनवर हात बसलेले कारागीर घाई असली की हार्डनर जरा जास्त ओततात. तिथे थोडंफार चालून जातं, कारण तिथला हार्डनर फक्त घट्ट होण्याची क्रिया सुरू करतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेणूंच्या साखळीचा भाग होतो. जादाचा तसाच उरतो आणि लांबी मऊ राहते. तसंही तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. डब्यात भरून ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं, म्हणून ते पसरट ताटात काढावं.

आणि पावसाळी दमट हवा. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी गाठ पडली, की वाळलेल्या थरावर तेलकट साय येते. तिच्यावर दिलेला रंग पापुद्र्याने सुटतो. आधी पॉलिशपेपर मारलात तर ती आणखी आत चोळली जाते. ती पाण्यात विरघळते, तेव्हा साधं पाणी आणि घासणी घेऊन आधी धुवा, मग घासा.