लोखंडी पीक

लोखंडी पीक म्हणजे पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) पश्चिम आघाडीवर डागलेला, पण न फुटता मातीत रुतलेला आणि नांगरटीच्या वेळी बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील शेतांतून आजही वर येणारा दारूगोळा. बेल्जियममधील ईप्र आणि फ्रान्समधील सोम व व्हर्दं या रणक्षेत्रांभोवती तो सर्वाधिक सापडतो. चिखलात आपटल्यामुळे किंवा फ्यूज (गोळा फोडणारी कळ) सदोष असल्यामुळे गोळ्यांचा मोठा हिस्सा तेव्हा फुटलाच नाही. तेथील शेतकरी असे गोळे बांधावर किंवा विजेच्या खांबापाशी ठेवून पोलिसांना कळवतात. ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली तरी तिला सुरक्षित म्हणता येणार नाही.

शेतकऱ्यांइतकाच धोका पत्करणारा दुसरा वर्ग म्हणजे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे हौशी संग्राहक. गंजलेला गोळा जुना झाला म्हणजे निकामी झाला, अशी त्यांची समजूत असते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. ट्रायनायट्रोटोल्यूइन (टीएनटी) हे स्फोटक शंभर वर्षांनंतरही आपली शक्ती फारशी गमावत नाही. पिक्रिक आम्ल हे दुसरे स्फोटक भरलेल्या गोळ्यांत तर ते आम्ल धातूशी संयोग पावून पिक्रेट क्षार बनवते आणि हे क्षार घर्षणाला किंवा धक्क्याला मूळ स्फोटकापेक्षाही अधिक संवेदनशील असतात. शिवाय तोफेतून सुटताना बसणारा झटका आणि गोळ्याचे गरगर फिरणे यांमुळे फ्यूजमधील सुरक्षा-अटकाव निघून गेलेले असतात. म्हणजे न फुटलेला गोळा हा सज्ज होऊन मध्येच अडकलेला गोळा असतो. ज्या गंजामुळे आघातकाची (स्फोट सुरू करणाऱ्या खिळीची) हालचाल थांबली आहे, तोच गंज खरवडून काढणे हे साफसफाईत सर्वांत घातक ठरते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. २००८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धाच्या काळातील, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा, नौदलाचा तोफगोळा आपल्या घराच्या आवारात साफ करत असताना एक अनुभवी संग्राहक स्फोटात मरण पावला. ईप्रमध्ये २०१४ साली बांधकामाच्या जागी झालेल्या स्फोटात दोन कामगार दगावले.

रासायनिक गोळ्यांचा धोका निराळा आहे. ईप्रजवळ १९१७ साली प्रथम वापरलेला मस्टर्ड वायू प्रत्यक्षात तेलकट द्रव असतो. त्वचेला लागताच वेदना होत नाही, फोड काही तासांनी येतात. तोवर तो कपड्यांना आणि घरातील वस्तूंना लागून गेलेला असतो. अशा गोळ्याचे कवच बाहेरून साध्या गोळ्यासारखेच दिसते. म्हणून बेल्जियमच्या सैन्याचे बॉम्बनाशक पथक पोलकापेले येथील आपल्या तळावर संशयित गोळ्यांची क्ष-किरण तपासणी करते. गोळा तिरका केल्यावर आतला द्रव पातळी बदलताना प्रतिमेत दिसतो. पूर्वी अशा साठ्यांची विल्हेवाट उघड्यावर जाळून किंवा समुद्रात बुडवून लावली जाई. बेल्जियमच्या किनाऱ्यावरील क्नोक-हेइस्टजवळच्या उथळ समुद्रात त्या काळी टाकलेला साठा आजही पडून आहे, तर व्हर्दंजवळ १९२०च्या दशकात रासायनिक गोळे जाळलेल्या एका जागी आर्सेनिकमुळे माती अजून ओसाड आहे.

वस्तू सापडल्यास ती उचलू नये, हलवू नये, धुऊ किंवा घासू नये, आणि पाण्याच्या बादलीत तर अजिबात टाकू नये. जागेची खूण दूर जाऊन लक्षात ठेवावी, इतरांना लांब ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवान्याविना मेटल डिटेक्टर वापरण्यास १९८९पासून मनाई आहे. साफसफाईचा प्रश्न येतो तो तज्ज्ञांनी रिकामी व निर्धोक ठरवलेल्या वस्तूंपुरताच. लोखंडी कवचातील गंज वाढवणारे क्षार काढून त्यावर मेणाचा संरक्षक लेप देणे हे संग्रहालयांतील काम आहे. रिकाम्या पितळी काडतुसाच्या बुडातील टोपी (ठिणगी पाडणारा छोटा स्फोटक भाग) जिवंत असू शकते, हेही हौशी मंडळी सहसा विसरतात.

या भूमीशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या) २०व्या व २१व्या कंपन्या ऑक्टोबर १९१४मध्ये उत्तर फ्रान्समधील नव्ह शापेल येथे ४७व्या शीख पलटणीसोबत लढल्या. त्या गावाजवळ १९२७मध्ये उभारलेले भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. भारतात दारूगोळा बाळगण्यावर १९५९च्या शस्त्र कायद्याचे आणि स्फोटकांवर १९०८च्या स्फोटक पदार्थ कायद्याचे नियंत्रण आहे. तोफखान्याच्या सराव-क्षेत्रांलगतच्या गावांत भंगार म्हणून गोळे उचलणाऱ्यांनाही तोच धोका असतो, मग गोळा परवाचा असो वा शतकापूर्वीचा.