मासेमारी होडीवरील फिशफाइंडरचा वीजपुरवठा आणि बॅटरी-व्यवस्था

लहान मासेमारी होडीवर फिशफाइंडर (ध्वनीच्या साहाय्याने मासे व तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र), व्हीएचएफ रेडिओ (बोलण्याचा बिनतारी संच), जीपीएस, दिवे आणि इंजिनाचा सेल्फ यांना लागणारी वीज साठवणे, वाटणे आणि पुन्हा भरून काढणे यांसाठी केलेली व्यवस्था. मुंबईत वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई, खार दांडा, माहीम, वरळी, कुलाबा येथील कोळीवाड्यांतून निघणाऱ्या होड्यांवर असे एकेक उपकरण पुढेमागे बसवले जाते आणि नव्या उपकरणाची वायर बहुधा जुन्याच वायरला जोडली जाते. समुद्रात पडदा अचानक काळा होणे, यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणे किंवा पडद्यावर आडव्यातिडव्या रेषा उमटणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून या जोडकामात असते. म्हणून मोठ्या पडद्यावर पैसे घालण्यापूर्वी ते वायर, फ्यूज आणि स्वतंत्र बॅटरी यांवर घालावेत.

फिशफाइंडर प्रतिध्वनीच्या तत्त्वावर चालतो. होडीच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमध्ये पीझोविद्युत सिरॅमिकची चकती असते. तिला विजेचा क्षणिक झटका दिला की ती कंप पावून पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडते आणि तळावरून किंवा माशावरून परतलेल्या ध्वनीचे पुन्हा विजेत रूपांतर करते. हा पीझोविद्युत परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला, पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी त्याचा उपयोग केला, आणि १९४८ मध्ये जपानमधील फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे व्यावहारिक यंत्र बाजारात आणले.

समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असल्यामुळे ४० मीटर खोलीवरील तळापासून प्रतिध्वनी परतायला सुमारे ५३ मिलिसेकंद लागतात. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय परिसरातही खोली ७५ मीटरच्या आसपासच भरते. त्यामुळे येथील लहान होडीला खोल पाण्यासाठीच्या ५० किलोहर्ट्झपेक्षा बारकावे दाखवणारी २०० किलोहर्ट्झ वारंवारता अधिक उपयोगी पडते आणि फार शक्तिशाली यंत्राची गरज उरत नाही.

यंत्राच्या खोक्यावर छापलेला ‘५०० वॉट’ हा आकडा पाहून बॅटरी निवडणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. हा आकडा फक्त स्पंद सोडण्याच्या क्षणाचा असतो. स्पंद मिलिसेकंदाच्या एका अंशाइतका, समजा ०.२ मिलिसेकंद टिकतो. सेकंदाला असे १८ स्पंद सुटले तरी यंत्र एकूण वेळेच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी काळ ध्वनी सोडत असते, आणि त्या कामाची सरासरी शक्ती २ वॉटपेक्षाही कमी भरते. खरी वीज खातो तो पडदा. भर उन्हात दिसावा म्हणून त्याची प्रखरता पूर्ण ठेवावी लागते, त्यामुळे ५ इंची पडद्याचे यंत्र १२ व्होल्टवर साधारण अर्धा ते एक ॲम्पिअर, ७ इंची एक ते दीड ॲम्पिअर आणि त्याहून मोठे यंत्र दोन-तीन ॲम्पिअर किंवा अधिकही घेते. सूर्य मावळल्यावर प्रखरता कमी केली तर हा खर्च लक्षणीय घटतो.

वीज पुरेशी असण्याइतकेच ती स्वच्छ असणेही महत्त्वाचे आहे, आणि मुंबईच्या मासेमारीत याला खास कारण आहे. माशाच्या शरीरातून परतणाऱ्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या वाताशयातून येतो. घोळीचे भोत, म्हणजे वाताशय, मोठे असल्याने तिची खूण ठळक उमटते. बोंबलाला मात्र वाताशय नसतो, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी क्षीण असतो. असा क्षीण प्रतिध्वनी दिसावा म्हणून तांडेल (होडीचा प्रमुख) यंत्राची संवेदनशीलता वाढवतो, आणि संवेदनशीलता वाढली की डायनामो, स्वस्त एलईडी दिवे, इन्व्हर्टर व मोबाइल चार्जर यांतून येणारा विद्युत गोंगाटही ठिपक्यांच्या रूपाने पडद्यावर उमटतो. एकेक उपकरण बंद करून पाहिले की दोषी कोण ते कळते. ट्रान्सड्यूसरची केबल डायनामोच्या वायरीपासून आणि व्हीएचएफच्या ॲन्टेनाच्या केबलपासून दूर नेणे, यंत्राच्या धन-ऋण वायरी एकमेकींना पीळ देऊन ओढणे आणि त्या थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र नेणे हे त्यावरचे उपाय आहेत. गोंगाट तरीही राहिला तर यंत्र काही काळ सुट्या बॅटरीवर चालवून पाहावे. पडदा स्वच्छ झाला तर दोष पुरवठ्यातच आहे.

इंजिनाचा सेल्फ आणि फिशफाइंडर एकाच बॅटरीवर ठेवणे शक्यतो टाळावे. लहान डिझेल इंजिनाचा सेल्फ क्षणभर शंभर-दोनशे ॲम्पिअर किंवा अधिक प्रवाह ओढतो, त्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज १० च्याही खाली येऊ शकतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. याच्या उलट प्रसंग अधिक गंभीर असतो. डोल जाळ्याची (प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची) मासेमारी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते. पाण्याचा जोर येईपर्यंत होडी जाळ्याजवळ थांबून राहते, इंजिन बंद असते आणि यंत्र, रेडिओ व दिवे मात्र चालू असतात. अशा तासांत एकुलती बॅटरी उतरली तर सेल्फ फिरत नाही, आणि हँडल मारून सुरू होणारे इंजिन नसेल तर होडी अडकून पडते; मदतीसाठी लागणारा रेडिओही त्याच उतरलेल्या बॅटरीवर असतो. सेल्फची बॅटरी कोणत्याही कारणाने हात न लावण्याची वस्तू मानावी. दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज ओळखून जोडणारा रिले बसवला तर इंजिन चालू असताना दोन्ही भरतात आणि इंजिन बंद होऊन व्होल्टेज उतरला की त्या आपोआप वेगळ्या होतात. हाताने फिरवायचा निवडक स्विचही चालतो, परंतु इंजिन चालू असताना तो पूर्ण बंद स्थितीत नेल्यास डायनामोचे डायोड जळू शकतात.

मोठ्या इंजिनाच्या होड्यांवर दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. तेथे १२ व्होल्टचे यंत्र चालवण्यासाठी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढण्याची पद्धत सोपी असली तरी घातक आहे: एक बॅटरी सतत अर्धवट उतरते, दुसरीवर भरताना जास्त व्होल्टेज पडतो, आणि दोन्ही अकाली निकामी होतात. २४ व्होल्टही स्वीकारणारे यंत्र घेणे किंवा चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर बसवणे हाच योग्य मार्ग होय.

व्होल्टेज वाटेत कसा हरवतो हे एका हिशोबावरून स्पष्ट होईल. बॅटरी ते केबिन अंतर ६ मीटर धरले तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबे लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.२८ ओहम असतो. एकटा फिशफाइंडर १.२ ॲम्पिअर घेत असेल तर जेमतेम ०.३४ व्होल्ट पडतात. पण त्याच वायरीवर व्हीएचएफ असेल आणि बोलताना तो ६ ॲम्पिअर घेऊ लागला की घट २ व्होल्टपर्यंत जाते. बॅटरी १२.२ व्होल्टवर असली तरी यंत्राला १०.२ च मिळतात, आणि बोलण्याचे बटण दाबताच पडदा विझतो. वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हीच घट ०.३८ व्होल्ट राहते. गंजलेला जोड यात आणखी भर घालतो. खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते आणि हा गंज वायरीच्या आवरणाखालून आत सरकत जातो, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) आणि त्यांवर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी वापरावी. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड समुद्रावर फार टिकत नाही. टर्मिनल घट्ट केल्यावर त्यांवर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा.

बॅटरीची क्षमता ॲम्पिअर-तासांत मोजतात. दहा तासांच्या फेरीसाठी फिशफाइंडरचे १२, रेडिओ ऐकण्यासाठी ५, प्रत्यक्ष बोलण्यासाठी दीड आणि रात्री सहा तास लावलेल्या एलईडी दिव्यांचे साडेतीन असे एकूण सुमारे २२ ॲम्पिअर-तास होतात. शिसे-आम्ल बॅटरी नेहमी निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे या गरजेला किमान ४५ आणि बॅटरीचे वय वाढणे धरून सुमारे ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारातील बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येत असल्याने तेथे ३० ॲम्पिअर-तास पुरतात आणि वजनही बरेच कमी होते.

शिसे-आम्ल बॅटरीची स्थिती तिच्या विश्रांतीतील व्होल्टेजवरून बऱ्यापैकी कळते: पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७, निम्मी असताना १२.२ आणि जवळजवळ रिकामी असताना ११.९ च्या आसपास. पाणी घालावयाच्या बॅटरीत प्रत्येक कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहिले तर एखादा कप्पा मागे पडल्याचेही लक्षात येते. ही बॅटरी पूर्ण भरण्यासाठी सुमारे १४.४ व्होल्ट काही तास द्यावे लागतात. शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. बंदरातून जवळच्या जाळ्यापर्यंतच्या छोट्या फेरीत डायनामो तेवढा वेळ देत नाही, बॅटरी कायम अर्धवट राहते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट जमून क्षमता घटते. म्हणून अधूनमधून ती किनाऱ्यावर चार्जरने पूर्ण भरावी. ५० वॉटच्या सौर पॅनेलने मुंबईच्या कोरड्या हंगामात दिवसाला साधारण १० ते १२ ॲम्पिअर-तास मिळू शकतात. हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या आणि चार्जिंगची सोय नसलेल्या आउटबोर्ड मोटरच्या होडीला त्याचा मोठा आधार होतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहून मग एकदम कोसळतो. व्होल्टमीटरवर विसंबणाऱ्याची यात फसगत होते. तिच्यासाठी आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजणारा मॉनिटर हवा. डायनामोला ती थेट जोडू नये, कारण ती इतका प्रवाह ओढते की लहान डायनामो तापतो, आणि तिच्यातील संरक्षक सर्किटने चार्जिंग मध्येच तोडले तर डायनामोला व्होल्टेजचा झटका बसतो. मधे योग्य डीसी-डीसी चार्जर असावा. भंगारातल्या सेलपासून जुळवलेली, संरक्षक सर्किटाची खात्री नसलेली पेटी होडीवर कदापि नेऊ नये.

फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण तो यंत्राइतकाच वायरीच्या रक्षणासाठी असतो. लहान यंत्राला निर्मात्याने सांगितलेला, बहुधा ३ ॲम्पिअरचा, स्वतंत्र फ्यूज लावावा आणि तो उडाला म्हणून मोठा घालू नये. शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिची पेटी हवेशीर, पट्ट्याने जखडलेली आणि तळात साचणाऱ्या पाण्यापासून उंच असावी. समुद्राचे पाणी तिच्या कप्प्यांत शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पेट्रोलच्या टाकीशेजारी बॅटरी ठेवू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसली तरी जागेच्या टंचाईत नेमके तेच घडते.

पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून सुरू होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. या काळात बॅटऱ्या होडीवर ठेवू नयेत. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. लिथियम बॅटरी मात्र निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घालण्यापूर्वी बॅटरीचा व्होल्टेज नुसता न पाहता भार लावून पाहावा, कारण सल्फेट जमलेली बॅटरी मोकळी असताना १२.६ दाखवते आणि भार पडताच कोसळते. निकामी बॅटरी खाडीत किंवा भंगाराच्या ढिगात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिसे-आम्ल बॅटरीची मोडीची किंमत नव्या बॅटरीच्या दरातून वजा होते.