नाक धुण्याची बाटली आणि अर्धी पुडी

नाकाचं वाकडं हाड सरळ करून घेतलेले, सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेले पेशंट आमच्या मेडिकलमध्ये सतत येतात. नाकातलं पॅकिंग (रक्त थांबायला आत ठासलेली पट्टी) निघालं, की डॉक्टर चिठ्ठीवर नाक धुण्याची बाटली आणि पाण्यात मिसळायच्या खारट पावडरच्या पुड्या लिहून देतात. पेशंट घेऊन जातात, आणि चौथ्या दिवशी बाटली काउंटरवर आपटून म्हणतात, "आग आग होते हो नाकात. तुमची पावडर खराब आहे."

पावडर खराब नसते. मागच्याच महिन्यात एक काका अशीच तक्रार घेऊन आले. पिशवीतून बाटली काढली, सोबत पुडी निघाली. अर्धी वापरलेली, तोंड दुमडून वर स्टेपलरची पिन मारलेली. एका पुडीत दोन वेळा भागवायचं, असा हिशेब!

हा हिशेब महागात पडतो. बहुतेक बाटल्या २४० मिलीच्या असतात आणि एक पुडी बरोबर तेवढ्याच पाण्यासाठी भरलेली असते. पूर्ण पुडी टाकली की पाण्याचा खारटपणा आपल्या रक्ताएवढा, म्हणजे ०.९ टक्के होतो. तेवढा असला की नाकाच्या अस्तराला ते पाणी परकं वाटत नाही. अर्ध्या पुडीत खारटपणाही अर्धाच, मग अस्तराच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि झोंबतं. विहिरीत सूर मारताना नाकात पाणी गेलं की डोक्यात जी कळ जाते ना, तीच. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरतं तेव्हा काही होत नाही, कारण ते खारट असतं.

खरं नुकसान पुढे आहे. आग होते म्हणून माणूस धुणंच सोडतो. आत रक्त आणि शेंबूड वाळून खपल्या धरतात, नाक गच्च होतं, "ऑपरेशन फेल गेलं" म्हणत तो पुन्हा दवाखान्यात जातो आणि डॉक्टरांना चिमट्याने खपल्या काढाव्या लागतात. चार पुड्या वाचवायच्या नादात हे सगळं. (पहिले एक-दोन आठवडे नाक सुजेने चोंदलेलं राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.)

पाण्याचंही सांगतो. नळाचं पाणी नको. पिंपाचं नको. "आमच्याकडे आरओ आहे" हे रोज ऐकतो. आरओचं पाणी प्यायला उत्तम, पण ते निर्जंतुक नसतं. पाण्याला खळखळून उकळी आली की आणखी एक मिनिट गॅस चालू ठेवा, मग झाकून कोमट होऊ द्या. मनगटावर थेंब टाकून बघा. एकाने पेट्रोल पंपावरून बॅटरीचं पाणी आणलं होतं. ते नाकासाठी नसतं, कृपा करा. हे उगाच भीती घालणं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुऊन मेंदूत अमिबाचा संसर्ग झाला आणि दोन जण दगावले. असं क्वचितच घडतं, पण एक मिनिटाच्या उकळीने टळतं.

धुताना बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, बाटली हलकेच दाबा. अर्धी एका नाकपुडीत, अर्धी दुसरीत. कानात दडा बसला तर जोर जास्त होतोय. नंतर तासाभराने चप्पल घालायला वाकलात आणि नाकातून पाणी ओघळलं, तर ते आत साठलेलं धुण्याचं पाणी असतं. मात्र न धुताही वाकल्यावर स्वच्छ, पाण्यासारखं टपटप गळत असेल, नजरेत फरक पडला, ताप चढला किंवा ताजं रक्त थांबत नसेल, तर आमच्याकडे नको, सरळ डॉक्टरांकडे जा.

नाक शिंकरणं, कपालभाती, जिम आणि तपकीर डॉक्टर सांगेपर्यंत बंद. शिंक आली तर तोंड उघडून द्या, दाबू नका.

"घरचं मीठ चालेल का?" डॉक्टरांनी मीठ-सोड्याचं प्रमाण लिहून दिलं असेल तर जरूर चालेल. अंदाजाने चमचा मारू नका. सपाट चमचा आणि शीग भरलेला चमचा यांत फार फरक पडतो. पुडी विकायला बसलोय म्हणून सांगत नाही. म्हणजे विकायला बसलोय हे खरंच, पण तरीही.

नाक मोकळं करणारे थेंब चिठ्ठीशिवाय मागितले तर आम्ही देत नाही, त्यावरून रागावू नका. ते दिवसचे दिवस घातले की उतारा पडताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि मग थेंबांची सवयच लागते. नाक धुण्याची उघडलेली बाटलीही परत घेत नाही. एकाच्या नाकाला लागलेली वस्तू दुसऱ्याला कशी विकणार? त्याच कारणाने घरातही एका माणसाची एकच बाटली ठेवा, रोज साबणाने धुऊन उलटी वाळवा.

बाटली कशी धरायची हे बघायचं असेल तर दुपारी दोन ते चार गर्दी नसते, नमुन्याची बाटली काउंटरवरच आहे. पुड्या पुन्हा न्यायला याल तेव्हा रिकाम्या पुडीचा कागद आणा. काही कंपन्यांची पुडी २०० मिलीची असते, म्हणून पुडी तुमच्या बाटलीला जुळते का ते बघूनच देतो.