गाडी विकली की नावावरून उतरली?

ऑनलाइन लिलावात जुनी गाडी काढली की सगळं झटपट होतं. तपासणीवाला दारात येऊन फोटो काढतो, डीलर मंडळी आपापल्या जागेवरून बोली लावतात आणि आकडा मोबाईलवर येतो. पटला तर पैसे खात्यात, गाडी दारातून गेली. आपण सगळ्यांना सांगतो, 'गाडी विकली.' विकली खरी, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव अजून आपलंच असतं.

विक्री हा दोघांमधला व्यवहार. नाव उतरणं ही आरटीओच्या दफ्तरातली नोंद. मोटार वाहन कायदा मालक कुणाला म्हणतो, तर ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याला. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणातल्या अपघाताचं एक प्रकरण होतं. गाडी एका हातातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या हातात गेलेली. आरसीवर मात्र पहिल्याचंच नाव. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

लिलावात हा घोळ जास्त होतो, कारण बोली लावणाऱ्याला गाडी चालवायची नसते, पुढे विकायची असते. त्याने ती स्वतःच्या नावावर केली तर आरसीवर एक मालक वाढतो आणि भाव पडतो. म्हणून तो मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे बाजारात ज्यांना टीटीओ म्हणतात त्यांवर, तुमच्या सह्या घेतो आणि खरेदीदाराची जागा कोरी सोडतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी तुमच्या नावावर रस्त्यावर. ई-चलनाचा मेसेजही तुम्हालाच. त्या कोऱ्या जागेइतकी महागडी जागा अख्ख्या व्यवहारात नसेल! त्यातून, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. डीलर 'आम्ही बघतो' म्हणाला, एवढ्याने ती टळत नाही.

डीलरची ही अडचण ओळखूनच 1 एप्रिल 2023 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत मधली वाट आली. आरटीओकडून अधिकृत झालेल्या डीलरकडे गाडी सोपवताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला, की तिथून तो मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या लेखी मालक. आरसीवर नाव तुमचंच राहतं, पण गाडीने पुढे जे काही केलं त्याची जबाबदारी त्याची. नावांतल्या सारखेपणाला फसू नका: 29 म्हणजे मालकी बदलल्याची सूचना, 29सी म्हणजे डीलरच्या ताब्यात दिल्याची. आणि डीलर अधिकृत नसेल तर 29सीचा उपयोगच नाही, तेव्हा बोली स्वीकारण्याआधी त्याचं अधिकारपत्र मागा. तेही नसेल तर निदान तारीख-वेळ घातलेली डिलिव्हरी पावती सहीनिशी घ्या. चलन आलं तर दाखवायला ती असते. पण आरसीवर नाव असल्यामुळे येणाऱ्या जबाबदारीतून ती सोडवत नाही.

विम्याचं थोडक्यात: पॉलिसी गाडीबरोबर जाते, नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुमचा. कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीला लावता येतो.

फास्टॅग मात्र त्याच दिवशी बंद करा. तो आरसीच्या नोंदीची वाट बघत नाही. पुढच्या टोलनाक्यावर पैसे तुमच्याच खात्यातून जातात.